अडवणाऱ्याचं सर्व्हिस बुक

फुटबॉल म्हटलं की गोंयकाराच्या डोळ्यांसमोर जो खेळ येतो तो हा नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर निम्मा लेख वाचून झाल्यावर कोणीतरी विचारणार, हा अ‍ॅलन पेज कुठल्या क्लबचा, धेंपोचा की साळगावकरचा? आपला फुटबॉल पायाने खेळतात. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पाय धावण्यासाठी आणि मधूनच एखादी लाथ हाणण्यासाठी. बाकी सगळा कारभार हातांचा, खांद्यांचा आणि अंगातल्या रेट्याचा. चेंडूही गोल नाही, लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या. पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं तेव्हा मला तो खेळ वाटलाच नव्हता, मारामारी वाटली होती.

नियम मात्र सरळ आहेत, निदान मुख्य नियम. अकराजणांविरुद्ध अकराजण. ज्यांच्याकडे चेंडू त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही सरकले तर चेंडू गेला. चढाई करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. एकाच संघाचे असले तरी ते एका वेळी मैदानात नसतात. चढाईचा सूत्रधार क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येतो आणि तो ठरवतो, कोणाला द्यायचा, कोणाकडे फेकायचा. पैसा त्याला, नाव त्याला, जाहिराती त्याला. आणि त्याला तो चेंडू फेकू न देणं हे समोरच्या फळीतल्या चौघांचं काम. हे चौघे हात जमिनीला टेकून वाकतात आणि चेंडू हलला की समोरच्या दांडग्या माणसांच्या भिंतीवर जाऊन आदळतात. भिंत फोडून, चेंडू हातातून सुटायच्या आत क्वार्टरबॅकला आडवा केला तर त्याला म्हणतात सॅक.

अ‍ॅलन पेज पंधरा वर्षं या चौघांतला एक होता. मधल्या दोघांतला. म्हणजे जिथे गर्दी सर्वांत जास्त, आणि बघणाऱ्याचं लक्ष सर्वांत कमी.

मला हा माणूस सापडला तो खेळाच्या वाटेने नाही. माझी एक मावसबहीण मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसला असते. तिच्या मुलाच्या शाळेचं नाव 'जस्टिस पेज मिडल स्कूल'. फोनवर बोलताना मी सहज विचारलं, कोण रे हे जस्टिस पेज? तर म्हणाला, "मावशी, ते फुटबॉल खेळायचे." मला वाटलं पोराची काहीतरी गल्लत होतेय. न्यायमूर्ती आणि फुटबॉल? मग शोधायला बसले आणि दोन-तीन रविवार त्यातच गेले.

मी सरकारी कचेरीत आस्थापना विभागात आहे. इतरांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणं ही माझी नोकरी. कोण कधी लागला, कधी कायम झाला, किती रजा, कुठली वेतनवाढ, निवृत्ती केव्हा. सर्व्हिस बुकात नोंद नसेल तर ती सेवा तुम्ही केलीच नाही, असा आमच्याकडचा सरळ व्यवहार. त्यामुळे पेजबद्दल वाचताना मी पहिल्यांदा अडखळले ती एका नोंदीपाशी, खरं तर नोंद नसण्यापाशी. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, खेळाडूच्या नावावर सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९८२ साली. आणि पेज निवृत्त झाला १९८१चा मोसम खेळून.

पंधरा वर्षं ज्या कामाचा पगार घेतला त्या कामाची अधिकृत नोंद शून्य! पुढे अभ्यासकांनी जुन्या सामन्यांचे कागद तपासून हिशेब लावला. तो भरला १४८.५. (अर्धा सॅक कसा, असं विचाराल तर दोघांनी मिळून पाडलं की अर्धा अर्धा वाटून घेतात. हे मला फार आवडलं. आमच्याकडे दोघांनी केलेल्या कामाचं श्रेय असं वाटून घेतलेलं मी अजून पाहिलेलं नाही.) पण हा आकडा अनधिकृत तो अनधिकृतच. आमच्या भाषेत, कच्च्या वहीतला.

आमच्याकडे इनवर्डच्या टेबलावर एक सहकारी आहे. तरुणपणी चांगल्या क्लबातून बचावफळीत खेळायचा. मग गुडघा गेला, मग खेळाडूंच्या कोट्यातून इथे लागला. त्याला ही गोष्ट सांगितली तर हातातला शिक्का बाजूला ठेवून म्हणाला, "बाय, गोल मारता ताचें नांव पेपरार येता. आडायता ताचें येना. चुकलो जाल्यार मात येता." खरंच आहे. महेश गवळी, समीर नाईक ही नावं आपल्याला ठाऊक आहेत, देशाकडून खेळली ती माणसं. पण त्यांनी न होऊ दिलेले गोल किती, हे कुठल्या वहीत सापडेल?

असो. पेजकडे येऊ.

त्याचा जन्म १९४५चा, ओहायो राज्यातल्या कँटन गावचा. पोलादाच्या कारखान्यांचं गाव. कृष्णवर्णीय कुटुंब. तो तेरा वर्षांचा असताना आई गेली. शाळा संपली की कारखान्यात शिरायचं, हा तिथला ठरलेला रस्ता. पेजने नंतर बऱ्याचदा सांगितलंय की ते काम घाणेरडं आणि धोक्याचं होतंच, पण त्याला नकोसं वाटायचं ते त्यातलं रोज तेच तेच करणं. वकील व्हायचं हे त्याने शाळकरी वयातच ठरवून टाकलं होतं. थोडा पेरी मेसनचा प्रभाव (आपल्याकडेही एका पिढीने अर्ल स्टॅन्ली गार्डनरची ती पुस्तकं लायब्ररीतून आणून वाचली आहेत), आणि थोडा खऱ्या न्यायालयाचा. गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला तेव्हा पेज आठ वर्षांचा होता. कोर्टात बसलेली माणसं एका कागदावर सही करून आपल्यासारख्यांचं आयुष्य बदलू शकतात, हे त्या पोराच्या डोक्यात बसलं.

याच कँटन गावात व्यावसायिक फुटबॉलचं 'हॉल ऑफ फेम' आहे. खेळातल्या थोरांचं स्मारक म्हणा, म्युझियम म्हणा. ते उघडलं १९६३ साली. त्याच वर्षी पेजची शाळा संपली, आणि ती इमारत उभी राहत असताना तिच्या बांधकामावर हा पोरगा मजुरी करत होता. पंचवीस वर्षांनी त्याच इमारतीत त्याचा स्वतःचा अर्धपुतळा बसला. कथेत लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा अती होतंय. पण घडलंय ते असं.

पुढे नोत्र दाम विद्यापीठ. तिथे १९६६ साली त्यांचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. १९६७ साली राज्यशास्त्राची पदवी, म्हणजे आमच्यासारखाच आर्ट्सवाला. त्याच वर्षी मिनेसोटा व्हायकिंग्स या संघाने त्याला पहिल्या फेरीत, एकूण पंधराव्या क्रमांकावर निवडलं.

व्हायकिंग्सचं मैदान तेव्हा उघडं होतं, ब्लूमिंग्टनचं मेट्रोपॉलिटन स्टेडियम. डिसेंबरात तिथे पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. प्रशिक्षक बड ग्रँट यांचा दंडक असा की आपल्या खेळाडूंसाठी बाकाजवळ शेगडी-हीटर काही ठेवायचं नाही. समोरचा संघ उबेला हात शेकतोय आणि हे बर्फात ताठ उभे! त्या संघाची पुढची फळी होती जिम मार्शल, कार्ल एलर, गॅरी लार्सन आणि अ‍ॅलन पेज. संघाचा रंग जांभळा, म्हणून १९५८ सालच्या एका विनोदी गाण्यावरून लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'पर्पल पीपल ईटर्स', माणसं खाणारे जांभळे. 'क्वार्टरबॅकपाशी भेटू' हे त्यांचं घोषवाक्य. चौघांनी चार दिशांनी निघायचं आणि एका ठिकाणी भेटायचं. भेटीचं ठिकाण म्हणजे तो बिचारा.

आकडे सांगते, कारण अडवणाऱ्याचं काम दिसलं तर अशाच आकड्यांतून दिसतं. तेव्हा मोसमात चौदा सामने असत. १९६९ साली या संघाने चौदा सामन्यांत मिळून फक्त १३३ गुण दिले, १९७० साली १४३, १९७१ साली १३९. म्हणजे सामन्याला दहाच्या आसपास. या खेळात एका वेळच्या पूर्ण यशाला, टचडाउनला, सहा गुण आणि वर एक जोडगुण, हे लक्षात घेतलं की दहा म्हणजे किती थोडे ते कळेल.

पेजची खासियत वजन ही नव्हती. सहा फूट चार इंच उंची, वजन २४५ पौंडांच्या आसपास, म्हणजे १११ किलो. तुम्हा-आम्हाला हे पुष्कळ वाटेल, पण त्याच्यासमोर उभे राहणारे बहुतेक जण याहून जड. त्याचं हत्यार होतं सुटण्याचा वेग. चेंडू हलायला आणि पेज हलायला एकच क्षण. समोरचा माणूस सावरून उभा राहीपर्यंत हा त्याच्या बगलेतून आत. त्या काळच्या चित्रफिती मी पाहिल्या. त्यात एक गंमत आहे. कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो, आणि चौकटीत कुठेही नसलेला अठ्ठ्याऐंशी नंबर एकदम उजवीकडून नाहीतर डावीकडून चौकटीत येतो आणि चित्र संपतं.

१९७१ साली तो संपूर्ण लीगचा 'सर्वांत मोलाचा खेळाडू' ठरला. हा मान तोवर कायम चढाईवाल्यांचा. अडवणाऱ्याला तो मिळण्याची ही पहिली वेळ, आणि त्यानंतर फक्त एकदा, १९८६ साली लॉरेन्स टेलरला. बाकी सगळी वर्षं पुन्हा मागच्यासारखीच. आणि त्या १९७१च्या मोसमात व्हायकिंग्सचं काय झालं? बाद फेरीतला पहिलाच सामना, तोही ऐन नाताळच्या दिवशी, डॅलसकडून २०-१२ असा हरले.

हरण्याचंही सांगायला हवं. या संघाने सुपर बोल म्हणजे अंतिम सामना चार वेळा गाठला आणि चारही वेळा गमावला. जानेवारी १९७०, १९७४, १९७५ आणि १९७७. कॅन्सस सिटी, मायामी, पिट्सबर्ग, ओकलंड. पेज चारही सामन्यांत होता. अमेरिकेत या चार पराभवांबद्दल अजून हळहळतात. मला मात्र शेवटच्या सामन्याबद्दल वाचताना वेगळीच गोष्ट दिसली. जानेवारी १९७७ मध्ये ओकलंडविरुद्ध उतरलेला पेज तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होता.

ही कायद्याची गोष्ट सरळ नाही. खेळायला लागल्यावर एक-दोन वर्षांत त्याने एका लॉ कॉलेजात नाव घातलं होतं आणि तीन आठवड्यांत सोडून दिलं होतं. काही कळेना, काही झेपेना. मग सात-आठ वर्षं गेली. दरम्यान तो खेळाडूंच्या संघटनेत व्हायकिंग्सचा प्रतिनिधी झाला. १९७४ साली खेळाडूंनी संप केला, कारण करार संपला तरी मनाप्रमाणे संघ बदलायचं स्वातंत्र्य त्यांना नव्हतं. तो संप फसला. पण करारपत्रं, कलमं, वाटाघाटी यांच्या मधोमध बसल्यावर त्याला कायद्याची ओढ पुन्हा लागली असावी, असा माझा अंदाज. १९७५ साली त्याने मिनेसोटा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश घेतला. बाहेरून परीक्षा देणं नव्हे, नियमित विद्यार्थी म्हणून. वर्ग, सराव, वाचन, रविवारी सामना. १९७८ साली पदवी घेतली.

पेजने सांगितलेली आणखी एक आठवण माझ्या मनातून जात नाही. व्हायकिंग्समध्ये असतानाची. एका बैठकीत प्रशिक्षकाने खेळाडूंना डावपेचांच्या पुस्तकातला मजकूर एकेकाला मोठ्याने वाचायला सांगितला. काहींनी वाचला, काही अडखळले. आणि काहींना वाचताच येत नव्हतं. ही सगळी माणसं शाळा-कॉलेजातून आलेली. वर्षानुवर्षं त्यांना वर्गातून पुढे ढकललं गेलं होतं, कारण शनिवारी मैदानात त्यांची गरज होती. पेज म्हणतो की तेव्हा त्याच्या लक्षात आलं, हा प्रश्न कॉलेजात सुटायचा नाही, तो पहिली-दुसरीतला आहे. आमच्याकडेही खेळाडूंना हजेरीत सवलत देतात, गुण वाढवून देतात, आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. ती हवीच. पण इनवर्डवाल्या सहकाऱ्याने एकदा मला सांगितलं होतं की कॉलेजची दोन वर्षं त्याने वर्ग कुठल्या मजल्यावर भरतो हेही पाहिलं नव्हतं आणि कोणी त्याला विचारलंही नव्हतं. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. पेजची ती आठवण वाचल्यावर मात्र तो किस्सा मला तितकासा गमतीचा वाटेना.

आता वजनाचं प्रकरण. त्याची बायको डायेन हिने सिगारेट सोडण्यासाठी धावायला सुरुवात केली आणि हा तिच्यासोबत धावू लागला. मग दोघांनाही त्याचा छंद लागला. मैलामागून मैल. लांब धावणारा माणूस सुटसुटीत होतो, तसा हाही झाला. वजन २२५ पौंडांपर्यंत उतरलं. फळीच्या मध्यावर लढणारा माणूस इतका हलका, हे प्रशिक्षकांना पटेना. १९७८च्या मोसमाच्या मधेच बड ग्रँट यांनी त्याला संघातून मोकळा केला, आता याच्याकडून पूर्वीसारखं काम होत नाही म्हणून. अशा मोकळ्या केलेल्या खेळाडूला दुसरा संघ ठरावीक किंमत भरून उचलू शकतो. शिकागो बेअर्सने त्याला उचललं. किंमत शंभर डॉलर.

लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू, सात वर्षांनंतर शंभर डॉलर! पदवी हातात आली तेही हेच वर्ष. नोकरीत अपमान झाल्यावर माणसं काय करतात ते मी रोज पाहते. कोणी लांबलचक अर्ज लिहितो, कोणी आजारपणाच्या रजेवर जातो, कोणी टेबलावर बसूनच काम थांबवतो. पेज शिकागोला जाऊन खेळला. साडेतीन मोसम, ५८ सामने, आणि त्या कच्च्या वहीप्रमाणे ४० सॅक. म्हणजे वजन घटलं म्हणून काढलं, ते कारण किती खरं होतं याचं उत्तर त्याने मैदानातच दिलं. मधल्या काळात, १९७९ साली, तो मॅरेथॉनही पुरी धावला. खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारा एनएफएलमधला तो पहिला खेळाडू मानतात. १९८१ अखेर थांबला तेव्हा लागोपाठ २१८ सामने झाले होते. पंधरा वर्षांत एकही चुकवला नाही. एकही! आमच्या रजेच्या रजिस्टरात असा माणूस दाखवा.

इथवर मी त्याला 'तो' म्हणत आले. खेळाडूंना आपण एकेरीतच हाक मारतो, गावसकर असो की ब्रह्मानंद, त्यात प्रेमच असतं. पण यापुढचा माणूस न्यायमूर्ती आहे, तेव्हा 'ते' म्हणायला हवं. एकाच माणसाला निम्म्या लेखात तो आणि निम्म्यात ते, हे मराठीतच होऊ जाणे.

तर, वकिली ते खेळत असतानाच सुरू झाली होती. आधी मिनियापोलिसमधल्या एका फर्ममध्ये, मग १९८५ पासून राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयात. म्हणजे चक्क सरकारी नोकरी. आणि आता माझा सर्वांत आवडता भाग येतो, ज्यात फुटबॉलचा संबंध अजिबात नाही.

मिनेसोटात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती निवडणुकीने येतात. (आपल्याला हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. न्यायाधीशाने मतं मागत हिंडावं, ही कल्पना मला अजूनही नीट पचलेली नाही.) १९९२ साली एका जागेची मुदत संपत होती आणि पेज यांना ती निवडणूक लढवायची होती. पण निवृत्तीवेतनाच्या हिशेबासाठी विद्यमान न्यायमूर्तींची मुदत वाढवून देण्याची एक सोय कायद्यात होती. गव्हर्नरांनी ती वापरून त्या न्यायमूर्तींना मुदतवाढ दिली, आणि निवडणूकच रद्द!

एक्स्टेन्शन! आस्थापना विभागात या शब्दाचं वजन काय असतं ते बाहेरच्याला समजायचं नाही. वरच्या माणसाला एक्स्टेन्शन मिळालं की खाली एका रांगेत पाच-सहा माणसांचं प्रमोशन अडकतं, आणि ती सगळी तोंड मिटून बसतात. मी स्वतः अशा नोटिंगच्या फायली तयार केल्या आहेत, आणि ज्याची जागा अडली त्याच्यासमोर बसून चहाही प्यायले आहे. पेज तोंड मिटून बसले नाहीत. ते कोर्टात गेले. मागणी साधी : राज्यघटनेने निवडणूक सांगितली आहे, ती घ्या. आता हा खटला ऐकणार कोण? प्रश्न त्याच न्यायालयातल्या खुर्चीचा. म्हणून तिथले न्यायमूर्ती बाजूला झाले आणि निवृत्त न्यायाधीशांचं तात्पुरतं पीठ बसलं. निकाल पेज यांच्या बाजूने लागला. मुदतवाढ घटनेत बसत नाही, निवडणूक घ्या. निवडणूक झाली, पेज जिंकले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती.

हा निकाल वाचताना मला एका ओळीत काय वाटलं सांगू? हा माणूस पुन्हा तेच करत होता. समोर भिंत, भिंतीमागे एक खुर्ची, आणि सुटण्याची वेळ बरोबर साधलेली. पण इथे त्यांना नियमाविरुद्ध काही करायचं नव्हतं, नियम पाळून घ्यायचा होता. खटल्याचं नाव 'पेज विरुद्ध कार्लसन'. हिची नोंद मात्र पक्क्या वहीत आहे.

१९९८, २००४ आणि २०१० साली ते पुन्हा निवडून आले. वंशभेदाचा प्रश्न आला की ते सहकाऱ्यांहून वेगळं मतही लिहीत. मिनेसोटात न्यायाधीशांना सत्तराव्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावं लागतं (आमच्याकडे साठाव्या). ऑगस्ट २०१५ मध्ये सत्तर पूर्ण झाली आणि ते उठले. एक्स्टेन्शनचा प्रश्न नव्हताच.

मधे १९८८ साल राहिलं. त्या वर्षी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. या समारंभात प्रत्येक खेळाडूची ओळख करून देण्यासाठी कोणीतरी लागतं, आणि ते बहुधा जुने प्रशिक्षक नाहीतर जोडीदार असतात. पेज यांनी बोलावलं मिनियापोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला. विलारीन बीझली हे त्यांचं नाव. आणि फुटबॉलच्या देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहून पेज बोलले ते मुलांच्या शिक्षणाबद्दल. त्याच वर्षी त्यांनी आणि डायेननी एक प्रतिष्ठान काढलं. मिनेसोटातल्या गोरेतर विद्यार्थ्यांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती द्यायची, पण अट अशी की त्या विद्यार्थ्याने दरवर्षी ठरावीक तास लहान मुलांच्या शाळेत जाऊन त्यांना शिकवायचं, त्यांच्यासोबत बसायचं. पैसा कॉलेजला, पण नजर पहिली-दुसरीवर. त्या बैठकीत अडखळलेली माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर असणार.

२०२० साली त्यांनी आणखी पुढचं मागितलं. मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष नील काश्करी यांना सोबत घेऊन (काश्करींचे आईवडील काश्मीरमधून गेलेले) राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली : चांगलं सरकारी शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क ठरवा. शिक्षकांच्या संघटनेने विरोध केला. त्यांचं म्हणणं, याने शाळा कोर्टकचेऱ्यांत अडकतील. मला दोन्ही बाजू कळतात. हक्क कागदावर आला म्हणून वर्गात शिक्षक येतोच असं नाही, हे आपल्याकडचा शिक्षणहक्क कायदा पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. पण कागदावर आल्याशिवाय भांडायला आधार नसतो, हेही माझ्यासारख्या कारकुनाला सोडवत नाही.

आणि भाच्याच्या शाळेचं नाव. ती आधी अलेक्झांडर रॅमसी यांच्या नावाची होती. रॅमसी हे मिनेसोटाचे एकोणिसाव्या शतकातले गव्हर्नर, आणि १८६२ साली डकोटा आदिवासींना संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला, असं जाहीरपणे म्हणणारे. हे नाव नको, असा आग्रह शाळेतल्या मुलांनीच धरला, आणि २०१७ साली शाळेला पेज यांचं नाव मिळालं. बारा-चौदा वर्षांची पोरं ही! आपल्याकडे रस्त्याचं नाव बदलायचं तर किती मोर्चे निघतात, आणि त्या मोर्चांत त्या माणसाबद्दल दोन पानं वाचलेले किती असतात ते सोडा.

२०१८ हे वर्ष विचित्र गेलं असणार. सप्टेंबरात डायेन गेल्या, पंचेचाळीस वर्षांचा संसार. नोव्हेंबरात अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान, 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम', मिळाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी मिळून जमवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन मिनियापोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात भरलं होतं. गुलामगिरीपासून पुढच्या काळातल्या वस्तू, त्यात वर्णभेदाच्या दिवसांतल्या पाट्याही. गोऱ्यांसाठी इकडे, काळ्यांसाठी तिकडे. माणसं सहसा असल्या वस्तू घरातून बाहेर टाकतात. या दोघांनी त्या विकत घेऊन जपल्या. तेही नोंद ठेवणंच की.

पेज यांच्या एका हाताची करंगळी वाकडी आहे. थोडी नव्हे, चक्क काटकोनात. खेळताना वारंवार निखळली आणि शेवटी तशीच राहिली. बाकी शरीरावर पंधरा वर्षांची खूण म्हणून लोकांच्या नजरेत भरते ती एवढीच. लहान मुलं भेटली की पहिली नजर तिकडेच. शेवटी २०१३ साली, शिक्षिका असलेल्या आपल्या लेकीसोबत, कॅमीसोबत, त्यांनी त्या करंगळीवरच मुलांसाठी एक चित्रपुस्तक लिहून टाकलं. न्यायालयात बसायचे तेव्हा झग्याच्या वर बो टाय, आणि निकालपत्रावर सही करणाऱ्या माणसाची अशी करंगळी!

मिनियापोलिसमध्ये दर ऑक्टोबरात मॅरेथॉन असते. ती तळ्याकाठच्या रस्त्याने जाते, आणि तिथे कित्येक वर्षं न्यायमूर्ती पेज रस्त्याच्या कडेला सूझाफोन घेऊन उभे राहत आले आहेत. आपल्या फेस्ताच्या बँडात पितळी वाद्यं असतात, त्यांचा हा थोरला भाऊ. वाजवणाऱ्याच्या अंगाला विळखा घालून वर मोठ्ठं तोंड उघडतो. फार सुरेल वाजवतात असं नाही, असं माझी मावसबहीण म्हणते. धावणारे त्यांना ओळखतात, हात करतात, आणि पुढे जातात. ते कोणालाही अडवत नाहीत.